घनात सायकलने: भरतपूरला निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

नवरात्र संपली की मला ठरलेले निरोप यायला लागतात. "भरतपूरला निघालोय, सायकल मिळते ना?" इथपासून "अजगर सायकलच्या मागे लागतो का?" इथपर्यंत. गेली काही वर्षं हिवाळ्यात मी तिथल्या पक्ष्यांच्या उद्यानात मित्रमंडळींना घेऊन जातो, म्हणून लोक मला विचारतात. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, तेव्हा सगळी एकत्र लिहून काढली आहेत. तिकिटांचे आणि भाड्याचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. ते बदलत राहतात, आणि खिडकीवर दरफलक असतोच.

१. भरतपूर, घना आणि केवलादेव ही तीन वेगळी ठिकाणं आहेत का?

नाही, एकच. गावाचं नाव भरतपूर, राजस्थानच्या पूर्व टोकाला. गावाला लागून असलेलं केवलादेव राष्ट्रीय उद्यान. मधोमध केवलादेव महादेवाचं देऊळ आहे, त्यावरून हे नाव. स्थानिक माणूस मात्र 'घना' म्हणतो, म्हणजे दाट झाडी. स्टेशनवर रिक्षावाल्याला "घना" म्हणालात की पुढचं बोलावं लागत नाही.

क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. वाघांच्या अभयारण्यांच्या मानाने हे अंगणच. पण पक्ष्यांच्या ३५० हून अधिक जाती इथे नोंदल्या आहेत, आणि १९८५ पासून हे युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ आहे.

२. आत खरंच गाड्या नसतात? की नुसतं म्हणायचं?

खरंच नसतात. तुमची गाडी बाहेर वाहनतळावर राहते. आत जायचं ते पायी, सायकलने किंवा रिक्षाने. सायकलरिक्षा पूर्वापार आहेत, अलीकडे बॅटरीवरच्या ई-रिक्षाही आल्या. पेट्रोल-डिझेलची पर्यटकांची गाडी पक्ष्यांच्या पाणथळ भागात जात नाही.

"पण मला आत जीप दिसली होती" असं कुणीतरी दरवर्षी कळवतं. ती वनखात्याची गस्तीची गाडी. शिवाय फाटकापासून शांती कुटीरच्या नाक्यापर्यंतच्या पहिल्या दीड-दोन किलोमीटरला पूर्वी खासगी गाड्यांना सवलत असे. जुन्या प्रवासवर्णनांत ते वाचून लोक गाडी आत न्यायला बघतात आणि फाटकावर हुज्जत घालतात. घालू नका.

३. ताडोब्यात जिप्सीतून खाली पाय ठेवू देत नाहीत. मग इथे चक्क सायकल कशी चालते?

कारण इथे वाघ आणि हत्ती राहत नाहीत, उद्यान लहान आहे आणि त्याला भोवताली भिंत आहे. आतली मोठी जनावरं म्हणजे नीलगाय, सांबर, चितळ, रानडुक्कर आणि कोल्हे. यातलं कुणी सायकलवाल्याच्या वाटेला जात नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. २०१० मध्ये रणथंभोरहून निघालेला एक वाघ भटकत भटकत इथे येऊन राहिला. शेवटी २०११ मध्ये त्याला बेशुद्ध करून सारिस्काला हलवलं. म्हणून एखाद्या दिवशी नाक्यावरचा माणूस म्हणाला की अमुक बाजूला जाऊ नका, तर कारण न विचारता ऐकायचं.

४. सायकल भाड्याने मिळते का? स्वतःची नेली तर चालते का?

दोन्ही चालतं. फाटकाजवळ सायकली भाड्याने मिळतात, ओळखपत्र किंवा अनामत ठेवून घेतात. आसपासची बरीच हॉटेलंही पाहुण्यांना सायकल देतात, तीही आत नेता येते. बाहेरून आणलेल्या सायकलीची वेगळी पावती फाडावी लागली तर फाडा.

मुंबई-पुण्याहून स्वतःची सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकून नेणारे लोक मला माहीत आहेत. पार्सल ऑफिसात जाऊन बुकिंग, उतरल्यावर ती सोडवून घेण्याची वाट बघणं, आणि हे सगळं कशासाठी, तर सपाट रस्त्यावर ताशी सहा किलोमीटरने चालवायला. एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. तुमची उंची सहा फुटांच्या वर असेल तर मात्र विचार करा, कारण भाड्याच्या सायकलींच्या सीट बहुतेक एकाच मापाच्या.

५. भाड्याची सायकल घेताना काय तपासायचं?

हवा, ब्रेक आणि आवाज. यातला आवाज सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी बघत नाही. सायकल घेतली की फाटकाबाहेरच वीस पावलं चालवून जोरात ब्रेक दाबा. किंचाळली तर परत द्या. चेन मडगार्डला किंवा चेनकव्हरला घासत असेल तरी परत द्या. एकदा घाईत मी अशीच एक उचलली होती. दर पायडलला 'खर्र, खर्र'. दिवसभर माझ्या पुढे शंभर फुटांवरचा प्रत्येक खंड्या मी यायच्या आधी उठून जात होता, आणि बरोबरचे लोक माझ्यापासून लांब चालवायला लागले.

मागे कॅरिअर आणि खाली नीट उभा राहणारा स्टँड हवाच. स्टँड ढिला असेल तर दुर्बिणीतून बघताना सायकल मागे धाडकन पडते. ज्याच्यासाठी थांबलात तो पक्षी तेवढ्यात गेलेला असतो.

गिअरची गरज नाही. इथे चढच नाही.

६. रस्ता कसा आहे? किती किलोमीटर होतात? मला रोजची सवय नाही.

फाटकापासून केवलादेवाच्या देवळापर्यंत साधारण पाच किलोमीटरचा पक्का, सरळ, दुतर्फा झाडांचा रस्ता. जाऊन-येऊन दहा. आडवाटा धरून दिवसभरात पंधरा-वीस होतात, तेही सात-आठ तासांत. शाळेत सायकल चालवलेल्या कुणालाही हे जमतं. पाय दुखत नाहीत, मान दुखते, कारण सारखं वर बघायचं असतं.

मुख्य रस्ता सोडला की मातीचे बांध लागतात. ते का आणि कुणी घातले, ते प्रश्न १६ मध्ये. कोरडे असताना छान, पण दवाने भिजलेल्या चिकणमातीत चाक मडगार्डपर्यंत भरतं. तिथे उतरून ढकलायची.

७. एकच दिवस आहे. कसा मार्ग धरू?

सूर्योदयाला फाटकावर हजर राहायचं, ही पहिली अट. पुढे मी असा जातो.

फाटक ते शांती कुटीर हा पट्टा कोरड्या झाडीचा आहे. नवखे लोक तो भरकन संपवतात. तिथे पिंगळे, सुतार, सातभाई, आणि कधी दिवसा झोपलेला रातवा अगदी हाताच्या अंतरावर सापडतो. तरी पहाटे मी इथे थांबत नाही, परतताना थांबतो. पहाटेचा वेळ पाण्याचा.

शांती कुटीरच्या पुढे दोन्ही बाजूंना पाणी सुरू होतं. पाण्यात उभ्या बाभळी, आणि दिवस योग्य असतील तर एकेका बाभळीवर चित्रबलाकांची पाच, दहा, पंधरा घरटी. पिल्लांचा कलकलाट आणि माशांचा वास रस्त्यावर येतो. इथून सापन मोरीपर्यंतचं अंतर फार थोडं आहे, मला दोन तास लागतात.

सापन मोरी हा चौक. इथून डावी-उजवीकडे बांध जातात. कुठल्या बाजूला त्या वर्षी पाणी आहे ते तिथल्या रिक्षावाल्यालाच विचारा. मागच्या वर्षीची चांगली बाजू यंदा कोरडी असू शकते (प्रश्न १०). उघड्या पाण्याच्या बाजूला कलहंस, पट्टकादंब, तलवार बदकं, थापट्ये, आणि डोक्यावर घिरट्या घालणारे गरुड.

देवळाशी दुपारचा डबा. मग घनातल्याच मानसरोवर तळ्याच्या बाजूचा फेरा, आणि उन्हं कलायला लागली की परत.

सगळं बघायचा हट्ट धरू नका. माझ्या ओळखीच्या एका गटाने अडीच तासांत अख्खं घना 'केलं' आणि "काही खास नाही" म्हणून फत्तेपूर सिक्रीला गेले. २९ चौरस किलोमीटर अडीच तासांत संपतातच. प्रश्न थांबलात किती वेळा, हा आहे.

८. दिसेल त्या पायवाटेने सायकल घालता येते का?

नाही. आखलेल्या वाटा आणि बांध सोडून नाही. साखळी, आडवं लाकूड किंवा पाटी असेल तिथे थांबायचं. गवतातून पाण्याच्या कडेपर्यंत सायकल ढकलत नेणारे फोटोवाले दरवर्षी दिसतात. कमळपक्षी आणि पाणकोंबड्या कडेच्या गवतातच असतात, याचा त्यांना पत्ता नसतो.

९. कोणत्या महिन्यात जावं?

तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. चित्रबलाक, बगळे, पाणकावळे, तिरंदाज, मुग्धबलाक, चमचे यांची वीण पावसाबरोबर सुरू होते. ऑगस्ट-सप्टेंबरात घरटी भरलेली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठी झालेली भुकेली पिल्लं. उत्तरेकडून येणारे हंस-बदकं नोव्हेंबरपासून जमतात, डिसेंबर-जानेवारीत भरगच्च, मार्चपर्यंत पांगतात.

दोन्हींचा थोडा थोडा वाटा हवा असेल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. मी तेव्हाच जातो.

उद्यान वर्षभर उघडं असतं. एप्रिल ते जूनमध्ये मात्र ऊन एवढं की दुपारी हँडलला हात लावता येत नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर डासांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चिखलाची तयारी ठेवा. मातीच्या वाटांवर तेव्हा सायकल नाही, पायीच.

१०. "यंदा पाणी आहे का ते आधी विचारा" असं सगळे म्हणतात. तलावात पाणी नसेल असं कसं?

कारण हा तलाव नैसर्गिक अर्धाच आहे. मुळात हा खोलगट भाग. १८व्या शतकात भरतपूरच्या महाराजा सूरजमलने गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पाण्यावर अजान बांध घातला. त्याच्या पाटांतून पावसाळ्यात घनात पाणी सोडतात, मग ते कप्प्याकप्प्यांत अडवून ठेवतात. म्हणजे ही जागा दरवर्षी कुणीतरी भरावी लागते.

पुढे गंभीर नदीवर वरच्या बाजूला पांचना धरण झालं. या शतकाच्या सुरुवातीला वरच्या शेतकऱ्यांच्या आणि उद्यानाच्या पाण्यावरून वाद पेटला, आणि काही वर्षं घना अक्षरशः भेगाळलं. त्यानंतर गोवर्धन ड्रेन नावाच्या मोठ्या नाल्यातून आणि चंबळ नदीहून नळाने पाणी आणायची सोय झाली. पण नदीच्या पुराबरोबर माशांची पिल्लंही वाहत येतात, नळाच्या पाण्याबरोबर तशी येत नाहीत. आणि चित्रबलाकाच्या घरट्यातल्या दोन-तीन पिल्लांना मासेच लागतात. म्हणून पाणी किती आलं याइतकंच ते कुठून आणि कधी आलं हे महत्त्वाचं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ऑक्टोबरात हॉटेलवाल्याला फोन करा. "पक्षी आहेत का" विचारलंत तर तो हो म्हणणारच. "सापन मोरीच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे का" असं विचारा.

११. पाण्यावर सगळीकडे गवत माजलेलं दिसतं. गुरं का सोडत नाहीत?

सोडत होते. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या इथे चरत. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसं मेली. त्याच दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने इथे दहा वर्षं अभ्यास केला. त्यातून निघालं की म्हशी पाण्यातलं गवत खाऊन उघडं पाणी राखत होत्या, आणि त्या गेल्यावर गवताने ते गिळलं. बदकांना उतरायला उघडं पाणी लागतं. बंदी हवी म्हणणाऱ्यांमध्ये पक्षीप्रेमीच पुढे होते, हे यातलं अवघड जागेचं दुखणं.

आज गवत आणि वेडी बाभूळ काढायला माणसं लावावी लागतात. रस्त्याच्या कडेला डोक्यावर भारे घेऊन जाणाऱ्या बायका दिसल्या तर सायकल बाजूला घेऊन वाट द्या.

१२. डिसेंबरात धुकं असतं म्हणतात. मग सायकल चालवता येते का?

येते, दिसत काही नाही. डिसेंबर अखेर ते जानेवारी मध्य या काळात कधी कधी सकाळी दहा-अकरापर्यंत पुढच्या सायकलचं मागचं चाकही दिसत नाही. तापमान तीन-चार अंशांवर येतं. मुंबईकरांना कानटोपी आणि मोजे सुचतात, हातमोजे सुचत नाहीत, आणि सायकलवर आधी बोटंच गारठतात.

धुक्यात मी फार पुढे जात नाही. शांती कुटीरच्या पुढे कुठेतरी सायकल लावून नुसतं ऐकत बसतो. एकदा धुक्यातून सारसांच्या जोडीची हाक आली. इतकी जवळून की मी दचकलो. अर्ध्या तासाने धुकं विरलं, तर माणसाएवढे उंच ते दोघे वीस-पंचवीस पावलांवर उभे. आम्ही सगळे एकमेकांच्या इतके जवळ होतो आणि पत्ता फक्त त्यांनाच होता.

१३. आईबाबा सत्तरीचे आहेत, आणि मुलगा सहा वर्षांचा. कसं करायचं?

आईबाबांना सायकलरिक्षा. तुम्ही सायकलवर बरोबर चाला, चालकाला सांगा की हे आमच्यासोबत आहेत. हे रिक्षावाले उद्यानाने प्रशिक्षण दिलेले असतात, त्यांत कित्येक सरदारजी आहेत, आणि पक्ष्यांची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. दुर्बिणही बऱ्याचदा त्यांच्याकडे असते. त्यांचा दर तासावर ठरतो. चांगला भेटला तर घड्याळ बघू नका.

मुलाला कॅरिअरवर डबलसीट बसवून पाच किलोमीटर नेणं तुमच्या पाठीला आणि त्याला, दोघांनाही जड जातं. मधेच पाय चाकात जायची भीती. त्याला आजी-आजोबांबरोबर रिक्षात बसवा. नऊ-दहाच्या पुढची, स्वतंत्र चालवणारी मुलं असतील तर लहान मापाची सायकल मिळते का ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही मुख्य पक्का रस्ता जमण्यासारखा आहे. सगळ्यात भरलेली घरटी याच रस्त्यावरून दिसतात, त्यामुळे फार काही हुकत नाही.

१४. सायकल बघून पक्षी उडून जात नाहीत का?

चालत्या सायकलला घाबरत नाहीत. घाबरतात ते थांबण्याला. जन्मापासून त्यांनी सायकली आणि रिक्षा बघितल्या आहेत, त्या येतात आणि जातात. एखादी नेमकी आपल्यासमोर कच्चकन थांबली की त्यांना शंका येते.

म्हणून पक्षी दिसला की ब्रेक लावायचा नाही. पायडल मारणं बंद करा, सायकल आपसूक घरंगळू द्या, पक्ष्याच्या पुढे दहा-पंधरा पावलं जाऊ द्या. मग उतरा, स्टँडवर लावा, आणि झाडाच्या आडोशाने पायी मागे या. बोट दाखवायचं नाही, हात छातीच्या वर न्यायचा नाही. दुर्बीण आधीच गळ्यात हवी, बॅगेची चेन उघडण्याचा आवाज पाण्यावरून फार लांब जातो.

घंटी फक्त माणसांसाठी. तीही एकदाच.

१५. अजगर, माकडं, मोकाट बैल… एकटीने सायकलवर जाणं सुरक्षित आहे का?

कितीतरी बायका एकट्या जातात. मुख्य रस्त्यावर दिवसभर वर्दळ असते. निर्मनुष्य बांधांवर कुणी सोबत असलेलं बरं, तेही पंक्चरसाठी (प्रश्न १७).

अजगर तुमच्या मागे लागत नाही. हिवाळ्यात तो बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडलेला असतो, बहुतेक वेळा साळिंदराने खणलेल्या बिळाच्या. देवळाच्या पुढे 'पायथन पॉइंट' नावाची जागा त्यासाठीच प्रसिद्ध. लांबून बघा. वाकून फोटो काढला की तो बिळात जातो, आणि थंडीत त्याला ते ऊन हवं असतं.

माकडांची भीती मात्र बाळगा. सायकलच्या कॅरिअरला लटकवलेली पिशवी म्हणजे त्यांना वाढलेलं ताट. खाणं पाठीवरच्या बॅगेत, बॅग पाठीवर. मोकाट गुरं आणि नीलगायी रस्ता ओलांडत असतील तर सगळा कळप जाईपर्यंत थांबा, पहिल्यामागे दुसरा असतोच.

१६. देवळाजवळच्या दगडांवर तारखा आणि आकडे कोरलेत, ते कसले?

शिकारीचे. बदकांच्या.

घना पक्ष्यांसाठी राखलं गेलं ते आधी मारण्यासाठी. भरतपूरच्या राजांनी १९व्या शतकाच्या अखेरीस इथे बांध, पाट आणि रस्ते घालून शिकारीची जागा तयार केली. व्हाइसरॉय आणि संस्थानिक पाहुणे यायचे. प्रत्येक शिकारीची तारीख, बंदुका किती आणि पक्षी किती, हे दगडात कोरलेलं आहे. यादी १९०२ पासून सुरू होते. सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा: ४,२७३ पक्षी. पाहुणे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. राजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत होता.

आपण ज्या बांधांवरून सायकल चालवतो ते शिकाऱ्यांना बंदुका घेऊन पाण्याच्या मध्यापर्यंत जाता यावं म्हणून घातलेले. त्यामुळेच पाणी आपल्या दोन्ही बाजूंना, इतकं जवळ आहे. मी दरवेळी या दगडांशी सायकल लावून डबा खातो. नवीन लोक आधी हसत आकडे वाचतात, मग बेरीज करायला लागतात, मग गप्प होतात.

१७. आत पंक्चर झाली तर?

ढकलत फाटकापर्यंत. आत पंक्चरचं दुकान नाही. आणि पंक्चर होते, कारण वेड्या बाभळीचे काटे. हा झुडपाळ परदेशी पाहुणा सगळीकडे पसरलाय, त्याचा काटा इंचभर लांब आणि खिळ्यासारखा. छाटणी चालू असेल त्या वाटेवर उतरून चाला.

देवळाच्या पलीकडे पंक्चर झालेली सायकल मी भर दुपारी फाटकापर्यंत ढकलली आहे. दोन काटे निघाले. तेव्हापासून छोटा पंप आणि ठिगळांची डबी बॅगेत असते. भाड्याची सायकल असेल तरी. आणि टायर पाण्याच्या कडेला काढू नका, रबराचे तुकडे तिथेच राहतात.

१८. सायबेरियन क्रौंच दिसतील का?

नाही. घनाची जगभर ख्याती झाली ती त्यांच्यामुळे, पण शेवटची जोडी इथे २००२ च्या हिवाळ्यात दिसली, त्यानंतर कुणी आलं नाही. इथे उतरणारे थवे अफगाणिस्तानावरून येत, त्या वाटेवरच ते संपले. फाटकाबाहेर त्यांची चित्रं असलेल्या टोप्या मात्र अजून विकल्या जातात.

१९. हा सूरजमल म्हणजे पानिपताच्या वेळचाच का?

तोच. १४ जानेवारी १७६१ नंतर जीव घेऊन दक्षिणेकडे निघालेल्या मराठ्यांना या जाट राजाने आसरा, अन्न आणि कपडे दिले. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर जखमी होऊन याच मुलखात आला आणि इथेच वारला. पुढे १८०५ मध्ये यशवंतराव होळकर भरतपूरच्या किल्ल्यात होते, तेव्हा इंग्रज सेनापती लॉर्ड लेकचे चार हल्ले या किल्ल्याने परतवले. किल्ल्याचं नाव लोहागढ. मळवलीजवळच्या आपल्या लोहगडाशी गल्लत करू नका, हा सपाटीवरचा आहे आणि मातीच्या तटांचा. दुपारी घनात पक्षी सुस्तावतात तेव्हा किल्ला बघावा असं वाटेल, पण त्याआधी प्रश्न २१ वाचा.

२०. मुंबईहून कसं जायचं? आग्र्याहून एका दिवसात होतं का?

भरतपूर जंक्शन मुंबई-दिल्ली मुख्य मार्गावर आहे. गोल्डन टेंपल मेल आणि पश्चिम एक्स्प्रेस तिथे थांबतात. स्टेशन ते फाटक पाच-सहा किलोमीटर. आग्रा साधारण ५५ किलोमीटर, मधे फत्तेपूर सिक्री.

आग्र्याहून एका दिवसात होतं, पण पहाट हुकते. रात्री भरतपुरात मुक्काम करा, फाटकाजवळच पुष्कळ हॉटेलं आहेत. ताजमहाल दुपारी असतोच.

२१. सकाळी जाऊन, बाहेर जेवून, त्याच तिकिटावर दुपारी परत आत जाता येतं का?

नाही, तिकीट एका प्रवेशाचं. बाहेर पडलात की संपलं. म्हणून डबा आणि पाणी बरोबर घ्या, आणि कचरा परत आणा. किल्ला दुसऱ्या दिवशी बघा.

२२. ब्लूटूथ स्पीकर, ड्रोन, कुत्रा?

नाही, नाही आणि नाही.

२३. सायकल किती वाजता परत करायची? सूर्यास्त आत बघायला मिळतो का?

उद्यान सूर्यास्ताला बंद होतं आणि तोवर सायकलसकट बाहेर असावं लागतं. देवळापासून न थांबता अर्धा तास धरा. पण तुम्ही न थांबता येणार नाही आहात, म्हणून सव्वा तास आधी वळा. जमलं तर सापन मोरी ते शांती कुटीर हा भाग शेवटच्या उन्हासाठी राखा. त्या वेळी पाणकावळे आणि बगळे थव्याथव्याने बाभळींवर उतरतात, जागेवरून भांडतात, आणि वरच्या फांदीवरचा खालच्यावर शिटतो. टोपी डोक्यावर असू द्या.